उंदराची पित्तनलिका सोनोग्राफीत कशी शोधायची

आमच्याकडे गोव्यात रिसर्चला आलेली नवीन पोरं पहिल्याच आठवड्यात विचारतात, एवढ्याशा उंदराची पित्तनलिका दिसते तरी का? दिसते हो, पण ती मिलिमीटरपेक्षा बरीच बारीक, त्यामुळे माणसाच्या पोटाचा प्रोब कामाचा नाही, ३० ते ५० मेगाहर्ट्झवाला लागतो. आणि रॅटला (मोठा उंदीर) पित्ताशय नसतंच, माउसला (छोटा उंदीर) असतं, हे आधीच डोक्यात ठेवा नाहीतर रॅटमध्ये अर्धा तास पित्ताशय शोधत बसाल.

एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, बाकी सगळं नंतर. तारखा ठरवताना कॅलेंडर बघा, नलिका बांधायची, म्हणजे गाठ मारून पित्त अडवायची सर्जरी केली आणि सातव्या दिवसाचं स्कॅन नेमकं चवथीत आलं तर सगळे गावी आणि आजारी जनावर एकटं, असं अजिबात नको.

स्कॅनच्या आधी चारेक तास खाणं काढा, पाणी ठेवा. खाल्लं की पित्ताशय रिकामं होतं आणि पोटातला गॅस मध्ये येतो. आयसोफ्लुरेन, म्हणजे भुलीचा गॅस, सुरुवातीला ३-४ टक्के, झोपला की दीड-दोन. डोळ्यांना मलम लावा. केस ट्रिमरने काढून केस काढायचं क्रीम मिनिटभरच, लगेच ओल्या गॉजने पुसा, कातडी फार नाजूक असते. बाहेर कितीही उकडू दे, एसी रूममध्ये ओलं पोट घेऊन पडलेला उंदीर बघता बघता गार पडतो, म्हणून खाली ३७ डिग्रीचा हीटिंग पॅड हवाच आणि जेलची बाटलीसुद्धा कोमट पाण्यात ठेवायची.

आता मुख्य काम. जेलचा जाड थर द्या, बुडबुडे नकोत, आणि प्रोब त्या जेलवर नुसता टेकवा. दाब दिला की नलिका चपटी होते आणि तुम्ही म्हणता दिसत नाही. माउसमध्ये आधी पित्ताशय शोधा, काळंभोर, पातळ भिंतीचं, थेंबासारखं. तिथून यकृताच्या मुळाकडे सरकत पोर्टल व्हेन (यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर) पकडा, तिच्या शेजारून जी बारीक काळी नळी जाते ती आपली असू शकते. असू शकते म्हणतेय, कारण कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा मोड) लावल्याशिवाय नाव द्यायचं नाही. रक्तवाहिनीत रंग भरतो, पित्तनलिकेत नाही. पण डॉपलरचा वेग-स्केल खाली आणा! मी सुरुवातीला तो वरच ठेवला होता, शिरेतला संथ प्रवाह दिसलाच नाही आणि एका पूर्ण बॅचमध्ये मी शीरच नलिका म्हणून मोजली, ती सगळी मापं टाकून द्यावी लागली, त्या जनावरांना फुकट भूल दिली याचं अजून वाईट वाटतं.

माप आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत, दोन श्वासांच्या मधे, तीनदा घेऊन सरासरी. सर्जरीआधीचं स्कॅन प्रत्येक जनावराचं हवंच, कारण नलिका फुगली की नाही हे त्याच्या स्वतःच्या मापाशी ताडायचं. बांधलेल्या नलिकेत गाठीच्या वरचा, यकृताकडचा भाग फुगतो, तिथेच बघा. कान-शेपटी पिवळी, अंग आक्रसलेलं दिसलं तर स्कॅन राहू दे, आधी व्हेटला बोलवा.

झालं की गॅस बंद, जेल पुसून अंग कोरडं करा, पॅडवरच ठेवा आणि स्वतःच्या पायांवर चालेपर्यंत बाजूला बसा, मगच पिंजऱ्यात.