ईईसीपी घेताय? मग या चुका टाळा

ईईसीपी म्हणजे पायांना हवेचे पट्टे बांधून, शस्त्रक्रियेविना हृदयाचा रक्तपुरवठा सुधारण्याची पद्धत. तिच्या खोलीत नवा रुग्ण आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे आता बायपास टळली ना?" यंत्रावर आडवं होण्याआधीच झालेली ही चूक.

पोटऱ्या, मांड्या आणि नितंबांभोवती बांधलेले हवेचे पट्टे हृदय सैलावलेलं असताना खालून वर ओळीने फुगतात आणि पुढच्या ठोक्याच्या जरा आधी सगळे एकदम रिकामे होतात. त्यामुळे हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांकडे रक्ताचा रेटा वाढतो आणि पुढचा ठोका मारायला हृदयाला कमी जोर लागतो. धमनीत साचलेला थर मात्र यातून विरघळत नाही. 'नैसर्गिक बायपास' हा शब्द जाहिरातीत शोभतो, केसपेपरवर नाही. औषधं चालू असूनही चालताना छातीत दुखतं आणि स्टेंट किंवा शस्त्रक्रिया करणं जमण्यासारखं नाही, मुख्यतः अशांसाठी ही पद्धत आहे. धडधाकट माणसाला दमसास वाढवायचा असेल तर त्याने पळावं. यंत्रात पैसे घालू नयेत.

दुसरी चूक तपासण्यांवाचून सुरुवात करण्याची. महाधमनीची झडप बरीच गळत असेल, पोटातली महाधमनी फुगलेली असेल, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असेल, रक्तदाब १८०/११० च्या वर असेल, तर पट्टे बांधायचेच नाहीत. म्हणून सुरू करण्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) झालेला हवा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) पाहिलेला हवा, आणि नुकतीच मांडीतून अँजिओग्राफी झाली असेल तर ती जागा भरून यायला हवी. पेसमेकर असेल तर आधी सांगा. हालचाल ओळखून गती वाढवणाऱ्या काही पेसमेकरना पट्ट्यांचे हिसके म्हणजे माणूस चालतोय असं वाटतं आणि नाडी उगाच पळू लागते. ती सोय तेवढ्यापुरती बंद करून घेता येते.

आता पट्टे. निम्म्या तक्रारी इथेच जन्माला येतात, असं माझं मत. पायाला वळ उठले, फोड आला, कातडी सोलली, की दोष यंत्राच्या दाबाला दिला जातो. पण पट्ट्यांच्या आत घातलेली घट्ट विजार उलगडून पाहिली तर तिथे हमखास एक सुरकुती सापडते, नाहीतर शिवण, नाहीतर खिशात विसरलेली किल्ली. तासाभरात पट्टा काही हजार वेळा त्याच जागी आवळतो, हे लक्षात घ्या. विजार बिनशिवणीची, ताणून सपाट केलेली हवी. पट्टा सैल राहिला तर हवा पोकळी भरण्यातच खर्च होते. मग दाब वाढवला जातो आणि पाय आणखी दुखतात. आधी पट्टा पुन्हा बांधा, मग दाबाकडे वळा. दाब पाऱ्याच्या २६० ते ३०० मिलिमीटरपर्यंत नेतात, पण पहिल्याच दिवशी तिथे पोचायची घाई नको.

बोटाला लावलेल्या चिमट्याचा आलेख पडद्यावर दिसत असतो, तो बघायची सवय लावा. प्रत्येक ठोक्याला दोन शिखरं दिसतात : पहिलं हृदयाचं, दुसरं पट्ट्यांचं. दुसरं पहिल्यापेक्षा उंच झालं की काम जमलं. ते बुटकंच राहत असेल तर पट्टा सैल आहे, बोट गार पडलंय किंवा फुगण्याची वेळ चुकतेय. ठोका आणि झटका जुळत नाहीत असं अंगालाही कळतं; छातीवरचा इलेक्ट्रोड सुटलेला असू शकतो किंवा मधेच जादा ठोके येत असतील. तेव्हा गप्प पडून सहन करू नका, सांगा. आणि हो, आधी लघवीला जाऊन या. पायातलं रक्त वर ढकललं गेलं की ती लवकर लागते.

हृदय कमकुवत असलेल्यांनी रोज सकाळी वजन करावं. एक-दोन दिवसांत ते एकदम वाढलं, पाय सुजले किंवा आडवं पडल्यावर धाप लागली, तर त्या दिवशीचं सत्र नको, डॉक्टर हवेत.

नेहमीचा क्रम ३५ तासांचा : रोज एक तास, आठवड्यातून ५ दिवस, असे ७ आठवडे. दहा-बारा दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडून देणारे बरेच. गोळ्या परस्पर बंद करणारेही.

सगळ्यात महागात पडते ती चूक मात्र यंत्राबाहेरची. आधी १०० पावलांवर थांबणारा माणूस ३५ तासांनंतरही सवयीने तिथेच थांबतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, १३९ रुग्णांच्या मस्ट-ईईसीपी चाचणीत व्यायाम करताना ईसीजीत ताण दिसायला लागणारा वेळ खऱ्या उपचाराने वाढला. पण ट्रेडमिलवर टिकण्याचा एकूण वेळ नाममात्र दाब दिलेल्या गटातही वाढला होता आणि दोन गटांतला फरक ठोस निघाला नाही. ईईसीपीच्याच २००६ च्या पीच चाचणीत हृदय कमकुवत असलेल्यांपैकी काहींचा व्यायामाचा वेळ वाढला, प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मात्र फारशी हलली नाही. मला यातून एवढंच दिसतं की दुखणं मागे सरकतं आणि चालायला मोकळीक मिळते. ती वापरायची, तर डॉक्टरांना विचारून रोजचं चालणं याच ७ आठवड्यांत सुरू करा.

आणि 'बरं वाटतंय' यावर हिशेब ठेवू नका. पहिल्या सत्राआधी सहा मिनिटांत किती मीटर चालता ते मोजून घ्या; शेवटच्या सत्रानंतर तोच बोळ, तेच बूट, गोळीनंतर तेवढाच वेळ. मीटरशेजारी आणखी एक गोष्ट लिहा : थांबलात ते छातीमुळे, धापेमुळे की गुडघ्यामुळे. गुडघ्यामुळे थांबला असाल तर पुढचा सल्ला हाडांच्या डॉक्टरांचा, आणखी ३५ तास नकोत.