नॉर्वेची जुनी नोट घेताय? या चुका टाळा

ध्रुवसंशोधक फ्रित्यॉफ नान्सेनच्या चित्राची निळी दहा क्रोनरची नोट (क्रोनर हे नॉर्वेचं चलन). नॉर्वेच्या नोटा जमवणाऱ्या बहुतेकांची सुरुवात हिच्यापासून होते आणि पहिली फसगतही हिच्यातच. विक्रेता सांगतो, "बंद झालीय, दुर्मिळ आहे." बंद झाली हे खरं, पण दुर्मिळ कसली? १९७२ ते १९८४ या सालांच्या या नोटा ढिगाने निघाल्या. रोजच्या सुट्ट्या पैशांची नोट हातोहात फिरून लवकर विटते, म्हणून दहाचं नाणं आलं. पहिल्या नाण्यांवर साल १९८३, शेवटच्या नोटांवर १९८४.

त्यामुळे या नोटेत सगळा भाव कोरेपणाला. नोट तिरपी धरून उजेडात बघा, मधली घडी लगेच दिसते. घडी दिसत नाही, पण छपाईवरून अंगठा फिरवल्यावर उठाव लागत नाही? मग इस्त्री फिरली असण्याचा संशय घ्या. घरी तुम्हीही धुणं, इस्त्री, चिकटपट्टी, लॅमिनेशन यांच्या वाटेला जाऊ नका. पीव्हीसीचे पाकीटही नको.

नुसता चेहरा बघून पैसे देऊ नका. हाच नान्सेन त्याआधीच्या पाच क्रोनरवरही आहे आणि तीही निळीच.

एक-दोन क्रोनरच्या कागदी नोटा गंमत म्हणून विकल्या जातात. खरं कारण टंचाईचं: दोन्ही महायुद्धांच्या काळात नाण्यांसाठी धातू पुरेना. १९४० ते १९४५च्या जर्मन ताब्यात तर सैन्याचा खर्च नॉर्वेच्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे नॉर्गेस बँकेच्या माथी मारला गेला आणि चलनात नोटांचा पूर आला. तो आवरायला सप्टेंबर १९४५मध्ये जुन्या नोटा बदलून घ्यायला लावल्या. मोठ्या रकमेची नोट घरात कोण ठेवणार? म्हणून युद्धाआधीची हजार क्रोनर 'स्वस्तात' मिळत असेल, तर आधी संशय घ्या.

"तेलाचा देश, नोट वाढणारच" हा युक्तिवाद तर ऐकूच नका. उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्राचं तेल १९६९मध्ये सापडलं, तेलाच्या उत्पन्नाचा सरकारी तेलनिधी १९९०चा आणि त्याची गुंतवणूक परदेशात. तुमच्या नान्सेनला त्यातलं काही मिळत नाही.

अलीकडच्या नोटांचं गणित वेगळं. चित्रकार एडवर्ड मुंकच्या चित्राची हजार क्रोनर १४ नोव्हेंबर २०२०ला व्यवहारातून गेली, पण नॉर्गेस बँक ती पुढची दहा वर्षं बदलून देते. कोणी 'रद्दी' म्हणून निम्म्या भावात मागितली तर देऊ नका.