अजिंठ्याला जायचंय? मग वरून उतरा

अजिंठा बघितला नाही असा आमच्या संभाजीनगरात माणूस सापडायचा नाही, शाळेची सहल तर तिथंच जाते, पण वाघूर नदीची ती घोड्याच्या नालासारखी दरी पायी उतरलेले मात्र थोडेच. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ त्यासाठी एक नंबर. ट्रेक म्हणावं एवढं अवघड काहीच नाही, घरची दहा वर्षांची पोरंसुद्धा आरामात उतरतात.

तर काय करायचं, पहाटे पाचला निघायचं. फुलंब्री, सिल्लोड करत अजिंठा गाव, एकूण शंभरेक किलोमीटर. घाट उतरून फर्दापूरला जायचं नाही, त्याच्या आधीच लेणापूरकडं व्ह्यू पॉइंटचा रस्ता फुटतो तो धरायचा. गाडी वर ठेवली की परत चढून यावं लागतं म्हणून एकानं सगळ्यांना वर सोडायचं आणि गाडी घेऊन खाली फर्दापूरच्या टी पॉइंटला जायचं. तिथून लेण्यांपर्यंत चारेक किलोमीटर एसटीची बसच असते, खाजगी गाडी पुढं सोडत नाहीत. ड्रायव्हर कोण होणार हे भांडण आदल्या रात्रीच मिटवा. आणि हो, सोमवारी लेणी बंद असतात, दरवर्षी कोणीतरी सोमवारीच पोचतंय.

वर पोचल्यावर लगेच उतरायची घाई नको. सूर्य सातच्या आसपास उगवतो, तळाला अजून सावली आणि गारठा, आणि समोरच्या कड्यात एका रांगेत कोरलेली लेणी. 28 एप्रिल 1819 ला जॉन स्मिथ नावाचा मद्रास आर्मीतला गोरा साहेब वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला असंच पलीकडून दहा नंबरच्या लेण्याची कमान दिसली म्हणतात. साहेबानं आत जाऊन खांबावर नाव-तारीख कोरली, म्हणजे भिंतीवर नाव लिहायचा रोग जुनाच आहे. नाव आता डोक्याच्या वर दिसतं कारण तेव्हा लेण्यात गाळ साचलेला होता आणि गडी त्या ढिगावर उभा होता.

उतार म्हणजे पायऱ्या आणि पायवाट, निवांत अर्धा-पाऊण तास. वाळलेल्या गवताखाली बारीक खडे असतात, तिथं पाय आडवा टाकायचा. बूट जुनेच घाला. आमच्या मावसभावानं खास ट्रिपसाठी नवेकोरे बूट घेतले, सोल गुळगुळीत, आणि खाली नदीच्या शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवला तो थेट बसलाच, पॅन्ट ओली आणि तोंड लेणी संपेपर्यंत वाकडं.

हिवाळ्यात नदीला पाणी बेताचंच, मोठाल्या दगडांतून एक धार आणि मधे मधे हिरवी डबकी. वरच्या अंगाला सातकुंडाचा धबधबा, तो खरा बघायचा पावसाळ्यात, पण आत्ता दगड नीट दिसतो. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत, मऊ थर झिजला, कडक राहिला, म्हणून पाणी पायऱ्या पायऱ्यांनी उतरतं. कुंडात पोहायला उतरू नका, खोली वरून कळत नाही. पूर्वी लेण्यांतून खाली नदीपर्यंत पायऱ्या होत्या, भिक्खूंचं पाणी इथूनच जायचं.

लेणी उघडतात नऊला, तोपर्यंत नदीकाठीच नाष्टा उरकून घ्यायचा. धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी, पण डबा मांडीवरच उघडायचा आणि कॅरीबॅग हातात मिरवायची नाही, कारण इथल्या वानरांना कॅरीबॅगचा आवाज आपल्याआधी कळतो. कड्याला आग्या मोहळं लागतात तेव्हा धूर नाही, आरडाओरडा नाही, अत्तर-सेंट तर घरीच ठेवा.

मग पूल ओलांडून लेण्यांकडं. तिकीट ऑनलाइन आधीच काढलेलं बरं. सगळी तीस लेणी बघायचा हट्ट नको, पोरं कंटाळतात. 1, 2, 16, 17 चित्रांसाठी आणि 26 त्या आडव्या निजलेल्या बुद्धासाठी, बस. आत शिरल्यावर दोन मिनिटं नुसतं उभं रहायचं, डोळे अंधाराला सरावले की रंग हळूहळू वर येतात. फ्लॅश मारायचा नाही.

दरीत मोबाईलला रेंज धरून चालू नका. ड्रायव्हरला वर सोडतानाच वेळ सांगा, एक वाजता टी पॉइंटला, आणि डब्यातले दोन धपाटे त्याच्यासाठी गाडीतच ठेवा.