माशीचं औषध आंबोणात घालताय? या चुका टाळा

पाऊस लागला की सड्यावर (कातळाच्या माळावर) चरणाऱ्या गुरांच्या पाठीवर नि वशिंडाजवळ माश्यांचा नुसता थर बसतो, मग जो तो आंबोणात, म्हणजे गुरांच्या ओल्या खाद्यात, मिसळायची पावडर आणतो आणि तीन दिवसांनी म्हणतो, काय फरक नाय. अहो, पाठीवर बसलेली माशी त्याने मरतच नाही! या पावडरीतलं औषध डायफ्लुबेन्झुरॉन असो किंवा मेथोप्रीन, ते गुराच्या पोटातून शेणात उतरतं आणि शेणातल्या अळीची माशी होऊ देत नाही, बस्स एवढंच.

मी स्वतः जुलैमध्ये, गुरं माश्यांनी हैराण झाल्यावर सुरू केलं होतं, पैसे पाण्यात. अंड्याची माशी व्हायला 10 ते 20 दिवस लागतात, म्हणून माश्या वाढायच्या महिनाभर आधी सुरू करायचं, आपल्याकडे मृगाच्या आधी, मे अर्धा झाला की.

आणि डोस! सड्यावर कोवळं गवत मिळालं की गाय आंबोणाकडे ढुंकून बघत नाही, आणि जी दांडगी असते ती शेजारणीचंपण चाटून जाते. सगळ्यांचं एकाच टोपात कालवू नका, ज्याचं त्याला वेगळ्या घमेल्यात, वजनाप्रमाणे, रोज. चार दिवस खाडा केलात तर त्या चार दिवसांचं शेण म्हणजे माश्यांना आयतं घर. शेजाऱ्याची गुरं त्याच सड्यावर चरत असतील तर तिथल्या माश्या उडून येणारच, त्यामुळे वाडीने मिळून केलं तर खरा उपयोग (मिळून करणं हेच आपल्याकडे कठीण, ते सोडा).

गुरं सारखी पाय आपटत असतील तर ती पायाला चावणारी माशी वेगळी. ती वाढते गोठ्यातल्या कुजक्या पेंढ्यात, मुताने भिजलेल्या पातेऱ्यात (खाली पसरलेल्या सुक्या पानांत), तिथे हे औषध पोचतच नाही, पातेरा वेळच्या वेळी उपसायला हवा. गोचिडाचा तर याच्याशी काहीच संबंध नाही.

एकाने मला फवारणीचं डायफ्लुबेन्झुरॉन दाखवून विचारलं, नाव तेच आहे ना, घालू का? अजिबात नाही. शेतीचं औषध गुराच्या तोंडात जाता कामा नये. गुरांसाठीचंच घ्या, लेबलवर दुभत्या गाईला चालतं का ते वाचा, नाहीतर आधी पशुवैद्यकांना विचारा.