सिव्हीसीआरएम: हप्ता जमा झाला, तरी देणगीदाराचा प्लेज ‘ओव्हरड्यू’च

आमची पुण्यातली शिष्यवृत्ती देणारी छोटी संस्था. देणगीदारांच्या नोंदी आम्ही सिव्हीसीआरएम या संस्थांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. देणगीदार वर्षभराची रक्कम कबूल करतात (हाच ‘प्लेज’) आणि हप्त्याने भरतात. हप्ता बँकेत आलेला, काँट्रिब्यूशन्समध्ये, म्हणजे देणग्यांच्या नोंदींतही दिसतोय, पण प्लेज मात्र थकलेलाच. वर त्यांना आठवणीची ईमेलही जाते. वेळेवर पैसे देणाऱ्या माणसाला तगादा लागतो, याचा फार त्रास झाला.

सॉफ्टवेअरची कॅशे (तात्पुरती साठवण) साफ केली, प्लेजचा शेड्यूल्ड जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, पुन्हा चालवला. फरक शून्य.

कारण असं: बँक स्टेटमेंटवरून केलेली नोंद स्वतंत्र देणगी ठरते, प्लेजच्या हप्त्याशी आपोआप जोडली जात नाही.

आधी ‘प्रोसेस प्लेजेस’ जॉब बंद करा, म्हणजे ईमेल थांबतील. सुट्या नोंदीतली तारीख, रक्कम, ट्रान्झॅक्शन आयडी आणि पावती क्रमांक लिहून घ्या. मगच ती नोंद काढा. ती न काढताच हप्ता नोंदवायला गेलात तर तोच ट्रान्झॅक्शन आयडी पुन्हा घेतला जात नाही. आता देणगीदाराच्या ‘प्लेजेस’ टॅबमध्ये प्लेजशेजारचा बाण उघडा, सर्वांत जुन्या थकीत हप्त्यासमोर ‘रेकॉर्ड पेमेंट’ निवडा आणि टिपलेली माहिती भरा. तारीख मूळचीच हवी. मार्चमधली रक्कम एप्रिलमध्ये पडली तर ८०जीच्या (देणगीवरच्या आयकर सवलतीच्या) पावतीचं आर्थिक वर्षच बदलतं. पावती आधी दिली असेल तर पावती ईमेल करण्याच्या पर्यायासमोरची खूण काढा.

हप्ता ‘कम्प्लीटेड’ दिसला, बाकी जुळली, की जॉब पुन्हा सुरू करा.