निपाणी चाळीस किलोमीटर, पण कौन्सिल दुसरं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात नर्सिंग करून कोल्हापुरात नोकरीला येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. मी २०११ साली बेळगावहून आले. कागल कधी ओलांडलं ते एसटीत कळलंसुद्धा नाही. पाट्यांवरची भाषा बदलली, माणसं तीच. राज्य बदललंय हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि तिथंच माझी चूक झाली.

माझं रजिस्ट्रेशन कर्नाटकच्या नर्सिंग कौन्सिलचं, म्हणजे नर्सची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेचं होतं. पहिल्या खाजगी दवाखान्यात विचारलं, तर म्हणाले, "चालतंय की, करा नंतर सावकाश." मी सात महिने नाइट केल्या, कॅज्युअल्टी सांभाळली. सोडताना अनुभवाचा दाखला मागितला, तर त्यावर 'सहाय्यक' असं लिहून आलं. महाराष्ट्राचा नंबर नाही, मग 'स्टाफ नर्स' कसं लिहिणार, असं उत्तर मिळालं. ते सात महिने मला कुठंच धरता आले नाहीत. पण त्याहून मोठी भीती मला नंतर वाटली. त्या काळात मी दिलेल्या इंजेक्शनची एखाद्याला रिअ‍ॅक्शन आली असती, तर या राज्याच्या कायद्यासमोर मी नर्स म्हणून उभीच राहू शकले नसते.

म्हणून रजिस्ट्रेशन आधी, ड्युटी नंतर. यात सूट नाही.

मामला असा आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा. त्यानं मान्य केलेली पदवी किंवा जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) असेल, तर कोणत्याही राज्यात नोंदणी मिळू शकते. पण ती मागावी लागते, आपोआप होत नाही. महाराष्ट्रात १९६६ चा परिचारिका अधिनियम आहे आणि नोंदवही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची, मुंबईला. बंगळूरच्या कौन्सिलकडून ना-हरकत आणि पडताळणी लागते. ही पडताळणी एका कौन्सिलकडून दुसऱ्या कौन्सिलकडे जाते, तुमच्या हातातल्या झेरॉक्सवर भागत नाही. हाच सगळ्यात वेळ खाणारा टप्पा, त्यामुळे घर सोडायच्या आधीच अर्ज टाका. दहावीच्या दाखल्यावरचं, मार्कलिस्टवरचं आणि आधारवरचं नाव एकच आहे का ते आजच बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या कितीतरी जणी इथंच अडकल्यात. मी स्वतः महालक्ष्मी एक्स्प्रेसनं दोनदा मुंबईला गेले, दुसऱ्यांदा फक्त वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीसाठी.

२०२३ साली संसदेनं राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा मंजूर केला. त्यात देशाच्या एकाच नोंदवहीची तरतूद आहे. चांगली गोष्ट आहे, पण त्या भरवशावर बसू नका. दवाखान्यात मुलाखतीला गेलात की विचारतात तो राज्याचा नंबर. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं आणि त्यासाठी शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा हिशोब पाच वर्षांत १५० तासांचा आहे. कार्यशाळेची प्रमाणपत्रं पहिल्या महिन्यापासून एका फायलीत लावत जा.

ओरिजिनल कागद कुणाच्या कपाटात ठेवू नका. दाखवा, पडताळून घेऊ द्या आणि परत घेऊन या. "ऑफिसला जमा करा, सोडताना मिळतील" असं म्हणतात, ते गोड बोलूनच म्हणतात. माझ्याबरोबरच्या एकीला बाहेरगावी चांगली नोकरी लागली होती, पण कागद मिळेपर्यंत ती जागा भरली गेली. नियुक्तीपत्र मात्र मागा, आणि त्यावर 'स्टाफ नर्स' लिहिलंय का ते वाचूनच सही करा.

पगाराचं बोलते, कारण घरातून निघताना हेच कुणी सांगत नाही. २०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर आदेश दिला. त्यातून नेमलेल्या समितीनं खाजगी दवाखान्यांसाठी शिफारस केली: २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सएवढा पगार, १०० ते २०० असतील तर दहा टक्क्यांहून जास्त कमी नको, ५० ते १०० असतील तर पंचवीस टक्क्यांहून जास्त कमी नको, आणि ५० च्या आत असतील तरी महिना २० हजारांच्या खाली नको. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून अंमलबजावणी राज्यांवर सोपवली, आणि तिथंच ती रेंगाळली. राजारामपुरी-शाहूपुरीतल्या लहान दवाखान्यांत तुम्हाला याहून कमी आकडा ऐकू येईल. तरी हा आकडा तोंडपाठ ठेवा. मेट्रनसमोर, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांसमोर, तो शांतपणे म्हणता आला की बोलणं वेगळ्या जागेवरून सुरू होतं. मला याचा मनापासून राग आहे. एक नर्स रात्रभर पंधरा-वीस पेशंट सांभाळते, आणि कौन्सिलचं प्रमाण साध्या रुग्णालयात पाचाला एक आहे.

रुजू होताना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस मागा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार ती देणं आणि वर्षातून एकदा तुमची तपासणी करणं मालकाचं काम आहे. सुई टोचली तर लाजून गप्प बसू नका. जागा साबण-पाण्यानं धुवा, लगेच इन्चार्जला सांगा आणि नोंद करून घ्या. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांनंतर उपयोग नाही. त्यासाठी जायचं सरकारी रुग्णालय म्हणजे आपलं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय), दसरा चौकाजवळ.

पेशंटचे नातेवाईक अंगावर आले तर दवाखान्यातल्या माणसांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्यातही शब्द आहे 'नोंदणीकृत' परिचारिका. पुन्हा तोच नंबर.

सरकारी भरती बघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्रानं नोकरीसाठी वाट ठेवली आहे. आपलं गाव त्या यादीत आहे का बघा आणि रहिवासाचा दाखला गावाकडूनच काढून आणा. इथं आल्यावर तो काढायला सुट्टी मिळत नाही.

भाषेची काळजी नको. आपलं 'करूलाय' इथं 'करालाय' होतं, एवढंच. कन्नड येत असेल तर सोडू नका. रायबाग-अथणीकडची म्हातारी वॉर्डात कळवळत असते, आणि 'नोवु' म्हणजे दुखणं हे कळणारी तुम्ही एकटीच असता. डॉक्टर तुम्हालाच हाक मारतील.

खोली शक्यतो दवाखान्याजवळ घ्या, रोज निपाणीहून ये-जा करायचा विचार सोडा. आणि घ्याल तिथं पुराचं पाणी येतं का हे शेजाऱ्यांना विचारा. सुतारमळा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली इथल्या लोकांना पंचगंगेचं पाणी पाठ आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात इकडे शिरोलीला आणि तिकडे निपाणीजवळ यमगर्णीला हायवेच बंद झाला. बदलीची सिस्टर येऊ शकली नाही आणि आम्ही तिघी सलग तीन दिवस वॉर्डातच होतो. जुलै-ऑगस्टमध्ये ड्युटीच्या बॅगेत दोन जोड कपडे आणि चार दिवसांच्या स्वतःच्या गोळ्या ठेवत जा.