टेक स्टार्टअपसाठी पहिला पैसा कसा उभा करावा

समजा, नाशिकच्या दोन इंजिनिअर मैत्रिणींनी कांदाचाळीसाठी एक यंत्र बनवलंय. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला जातो आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत भाव बघून काढला जातो. मधल्या पावसाळ्यात आत कुठंतरी सड धरते आणि वास बाहेर येईस्तोवर बराच माल गेलेला असतो. यांचं यंत्र आतला ओलावा, तापमान आणि सडताना सुटणारे वायू मोजून शेतकऱ्याच्या मोबाईलवर इशारा देतं. घरच्या टेबलावर ते चालतं. पुढं न्यायला पैसा हवा. तो कसा उभा करायचा?

१. पैसा कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी हवा, ते लिहून काढा

‘आम्हाला एक कोटी हवेत’ एवढ्यावर कुणी खिशात हात घालत नाही. ‘येत्या हंगामात वीस चाळींत यंत्रं बसवून सड आधी कळते का आणि शेतकरी त्यासाठी पैसे मोजतो का, हे बघायचंय’ असं सांगितलं की बोलणं सुरू होतं. मग खर्च मांडा: यंत्रांचे सुटे भाग, सिमकार्डं, गावोगाव फिरायचं डिझेल, बसवणारा माणूस, आणि तुमचा स्वतःचा घरखर्चसुद्धा. बरेच जण तो शून्य धरतात. चार महिन्यांत घरातून विचारणा सुरू होते आणि एक संस्थापक नोकरीकडे वळतो.

वेळेचा हिशेब तर पैशाहून महत्त्वाचा. पहिली भेट ते खात्यात रक्कम, यात सहज सहा महिने जातात. या यंत्राची चाचणी वर्षातून एकदाच होऊ शकते. पैसे ऑगस्टमध्ये आले तर हंगाम गेला आणि पगार मात्र पुढच्या मेपर्यंत चालू. म्हणजे शोधाशोध आदल्या दिवाळीलाच सुरू व्हायला हवी. तुमच्या धंद्याचा ‘हंगाम’ कोणता, हे आधी ठरवा: शाळांचा जून असेल, सरकारी खात्यांचा मार्च असेल.

२. कागद नीट करा

शेअर देऊन पैसे घ्यायचे असतील तर प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच लागते. एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेला, स्वतःचे शेअर काढून देता येत नाहीत. कंपनी झाली की स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवर डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) मान्यता घ्या. तिला शुल्क नाही, त्यामुळे त्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्या एजंटाला नमस्कार करून वाटेला लावा.

संस्थापकांमधला करार मैत्रीच्या भरात टाळू नका. हिस्सा चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं पक्का होईल आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडणाऱ्याला काही मिळणार नाही, ही सर्रास चालणारी पद्धत आहे. यंत्राचं डिझाइन आणि कोड कंपनीच्या नावावर लेखी करून घ्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा नोकरीत असताना काम केलं असेल, तर तिथला हक्क आधी मिटवा. गुंतवणूकदाराचा वकील सुरुवातीलाच हे विचारतो.

३. हिस्सा न विकता मिळणारा पैसा आधी

सगळ्यात चांगला पैसा ग्राहकाचा. वीसपैकी पाच शेतकऱ्यांनी, किंवा एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीनं, थोडी का होईना आगाऊ रक्कम दिली तर तिची पावती पन्नास स्लाइडना भारी पडते.

त्यानंतर अनुदान. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘निधी प्रयास’मधून प्रोटोटाइपसाठी (पहिल्या चालत्या नमुन्यासाठी) १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. जैवतंत्रज्ञानात असाल तर बायरॅक या केंद्राच्या संस्थेचं ‘बिग’ अनुदान ५० लाखांपर्यंत जातं. २०२१ मध्ये आलेल्या ९४५ कोटींच्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत प्रोटोटाइप आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, तर बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढं शेअरमध्ये बदलता येणारे) कर्जरोखे अशी सोय ठेवली होती. अशा योजनांची मुदत आणि अटी बदलत राहतात. अर्जाआधी पोर्टलवर चालू स्थिती बघा.

यातला बराच पैसा इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थांमार्फत येतो, म्हणून दार तिथलं ठोठवा. पुण्यात व्हेंचर सेंटर, मुंबईत आयआयटीचं साइन, छत्रपती संभाजीनगरला मॅजिक, गोव्यात फातोर्ड्याचं फायर. ड्रोन बनवणारी आणि २०२३ मध्ये शेअर बाजारात आलेली आयडियाफोर्ज साइनमध्येच वाढली. राज्याच्या नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहावरही लक्ष ठेवा. तिथं निवड झाली तर सरकारी खात्याचं कामच मिळतं, आणि पहिला ग्राहक सरकार असणं हे मोठं प्रशस्तिपत्र आहे.

अनुदान हप्त्यांनी येतं आणि खर्चाचा चोख हिशेब मागतं, एवढं लक्षात ठेवून रोकड मांडा.

४. घरचे आणि मित्र

मामाकडून किंवा मित्राकडून कंपनीच्या खात्यात थेट उसने पैसे घेऊ नका. कंपनी कायद्यात ते ‘ठेव’ ठरू शकतं आणि ते निस्तरणं महागात पडतं. शेअर द्यायचे की संचालकानं स्वतःच्या पैशातून कर्ज द्यायचं, हे सीएला विचारून ठरवा. आणि जो पैसा बुडाला तर समोरच्याच्या घरात अडचण येईल, तो घेऊच नका.

५. एंजल गुंतवणूकदार

एंजल म्हणजे नव्या कंपनीत स्वतःचा पैसा घालणारी व्यक्ती. अर्थमंत्र्यांनी २०२४ च्या अर्थसंकल्पात ‘एंजल टॅक्स’ (शेअरच्या वाजवी मूल्याहून जास्त मिळालेल्या रकमेवरचा कर) रद्द केल्यापासून छोट्या कंपन्यांची एक मोठी डोकेदुखी गेली आहे. माणसं शोधताना आधी तुमच्या क्षेत्रात पैसा मिळवलेल्यांची यादी करा: ठिबकचे वितरक, निर्यातदार, शीतगृहांचे मालक. त्यांना कांदा समजावून सांगावा लागत नाही. मुंबई एंजल्स, इंडियन एंजल नेटवर्क यांच्याकडेही अर्ज करता येतो. ओळखीतून गेलेली चिठ्ठी लवकर वाचली जाते, म्हणून इन्क्युबेटरमधल्या सीनियर कंपन्यांच्या संस्थापकांना ओळख करून द्यायला सांगा. ईमेल पाच-सहा ओळींचा पुरे: अडचण काय, यंत्र काय करतं, आजवर काय सिद्ध झालं, किती पैसे हवेत आणि त्यातून काय सिद्ध करणार.

नकार आला तर कारण विचारा. तीन जणांनी एकच शंका काढली तर ती खरी धरा.

६. टर्म शीट वाचताना

टर्म शीट म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा कागद. इथं घाई नको. समजा, गुंतवणूकदार म्हणाला, ‘कंपनीचं मूल्य चार कोटी, मी एक कोटी घालतो.’ गुंतवणुकीनंतर मूल्य पाच कोटी, त्याचा हिस्सा २० टक्के. दोघी समजतात, आपल्याकडे ८० राहिले. पण खालच्या एका ओळीत असतं: कर्मचाऱ्यांसाठी गुंतवणुकीनंतरच्या भांडवलाच्या १० टक्के ईसॉप (कर्मचाऱ्यांना पुढं द्यायचे शेअर) राखीव, तेही गुंतवणुकीच्या आधी. म्हणजे ते १० टक्के दोघींच्याच वाट्यातून गेले. उरले ७० टक्के, पाच कोटींतले साडेतीन. चार कोटींचं बोलणं प्रत्यक्षात साडेतीनवर आलं. राखीव हिस्सा ठेवू नये असं मुळीच नाही, पण येत्या दीड वर्षात खरंच किती माणसं घेणार याची यादी पुढं ठेवून तो ५-६ टक्क्यांवर आणता येतो.

याशिवाय कंपनी विकली गेली तर पहिले पैसे कुणाला आणि किती पट, आणि कोणत्या निर्णयांना गुंतवणूकदाराची परवानगी लागेल, हे दोन मुद्दे वकिलाकडून समजून घ्या. स्टार्टअपचे व्यवहार केलेला वकील बघा.

मूल्य आत्ताच ठरवायचं नसेल तर परिवर्तनीय नोट, म्हणजे पुढं शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज, हा पर्याय आहे. मात्र त्यासाठी डीपीआयआयटीची मान्यता हवी आणि एका व्यक्तीकडून एकाच हप्त्यात किमान २५ लाख यावे लागतात.

७. पैसे आल्यावर

खाजगी वाटपातून, म्हणजे मोजक्या निवडक लोकांना शेअर देऊन आलेली रक्कम वेगळ्या बँक खात्यात घ्यावी लागते. ती आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप करायचं आणि वाटपानंतर १५ दिवसांत त्या वाटपाची माहिती देणारा पीएएस-३ फॉर्म कंपनी निबंधकाकडे भरायचा. तो भरेपर्यंत त्यातला एक रुपयाही वापरता येत नाही, त्यामुळे सुट्या भागांची ऑर्डर आणि पगाराची तारीख तेवढी पुढं धरा.